रस्ट शिकण्यात वर्ष वाया गेलं का?

निफाडकडचा मुलगा, इंजिनिअरिंगचं शेवटचं वर्ष. ऑगस्टमध्ये वडिलांना घेऊन माझ्याकडे सल्ल्याला आला. खरं तर वडीलच त्याला घेऊन आले. वर्षभर खोलीत बसून रस्ट ही प्रोग्रामिंगची भाषा शिकला आणि कॉलेजात येणाऱ्या कंपन्या विचारतात जावा. "मॅडम, ही भाषा ठरावीक कामांपुरतीच राहिली तर?" हा प्रश्न दरवर्षी येतो, फक्त भाषेचं नाव बदलतं.

मी म्हटलं, जावास्क्रिप्ट १९९५ मध्ये ब्राउझरसाठी जन्मली. २००९ मध्ये ती ब्राउझरबाहेर चालवणारं नोड आलं आणि ती सर्व्हरवर पोचली. रुबी भाषेला २००४ च्या रेल्सनं, म्हणजे वेबसाइट बांधायच्या साधनानं, हात दिला. डार्टची तर गंमतच. गूगलनं २०११ मध्ये ती जावास्क्रिप्टला पर्याय म्हणून आणली, ते काही जमलं नाही. पुढे फ्लटर या अ‍ॅप बांधायच्या साधनामुळे मोबाइल अ‍ॅपमध्ये तिचं बस्तान बसलं. निव्वळ गुणांवर भाषा कुंपण ओलांडत नाही. कुणीतरी तिच्यात कामाचं साधन बांधतं, लोक त्या साधनासाठी येतात. रस्ट फायरफॉक्स ब्राउझरवाल्या मोझिलाच्या आधारानं वाढली, २०१५ मध्ये तिची १.० आवृत्ती आली आणि डिसेंबर २०२२ च्या लिनक्स ६.१ पासून तिला त्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या सी भाषेतल्या गाभ्यात, कर्नलमध्येही जागा मिळाली.

"म्हणजे द्राक्षाचं कलमच की," वडील म्हणाले. "खाली डॉगरिजचा खुंट, वर थॉमसन." (ही उपमा मी तेव्हापासून बिनदिक्कत वापरते.)

मुलाचा चेहरा मात्र उतरलेलाच. खोदून विचारलं तेव्हा कळलं, रूममेटची नोकरीसाठी निवड झाली होती आणि त्या रात्री हा जागाच होता. रस्टचं काय होणार याच्याशी त्या जागरणाचा फारसा संबंध नव्हता. भाषा रुळायला दहा-दहा वर्षं घेते, याला जूनपर्यंत नोकरी हवी. म्हणून विचारलं, शिकलास काय? मग गडी खुलला. मेमरी कुणाच्या मालकीची, ती कधी मोकळी होते, यावर वीस मिनिटं बोलला. मला निम्मंच कळलं. पण सीमध्ये हेच सगळं हातानं सांभाळावं लागतं, एवढं ठाऊक होतं. म्हटलं, दोन महिने सी पक्की कर आणि नाशिकच्या अंबड-सातपूर औद्योगिक वसाहतीत यंत्रांचे कंट्रोलर बनवणाऱ्या छोट्या कारखान्यांत विचारून बघ.

अंबडला इंटर्नशिप ठरली, स्टायपेंड बेताचा. मुलाखतीत रस्टबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. सीमधल्या पॉइंटरवर, म्हणजे मेमरीतल्या पत्त्यांवर, मात्र अर्धा तास पिळलं.

ऑक्टोबर छाटणीच्या गडबडीत वडिलांचा फोन आला. "रविवारी अजून तेच रस्ट घेऊन बसतो. बसू द्यायचं ना?"

बसू द्या, म्हटलं.