सही न करणं हे पाप आहे का?

प्रश्न : मी डिचोलीची, मराठी शाळेत शिकलेली. लग्नाआधी बाप्तिस्मा घेऊन म्हापशाजवळ सासरी आले. घरामागची जमीन नवऱ्याला विकायची आहे. पैशांचं पुढे काय करणार, हे तो सांगत नाही, म्हणून मी सही केली नाही. त्यावर त्याने बायबल उघडून ‘पत्नींनो, पतीच्या अधीन असा’ ही ओळ माझ्यापुढे धरली. सासूबाई म्हणतात, देवाचा शब्द मोडू नकोस. मी पाप करते आहे का?

उत्तर : नाही, बाय. हे आधी सांगते, म्हणजे आज रात्री तुला झोप लागेल.

ती ओळ इफिसकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायातली, बाविसावी. तिच्या आधीची एकविसावी ओळ त्याला मोठ्याने वाचायला सांग : ख्रिस्ताचं भय बाळगून एकमेकांच्या अधीन असा. मग पंचविसावीपासून पुढे वाचू दे. ख्रिस्ताने मंडळीसाठी, म्हणजे चर्चसाठी, स्वतःला अर्पण केलं, तशी प्रीती नवऱ्याने बायकोवर करावी. स्वतःच्या शरीरासारखं तिला जपावं. हे पत्र लिहिणाऱ्या पौलाने बायकांना तीन वचनं लिहिली, नवऱ्यांना त्याच्या दुपटीहून जास्त. ‘बायकोला अधीन करून घे’ असं तो नवऱ्याला कुठेच सांगत नाही. तुला लिहिलेली ओळ तुझी तू वाचशील. त्याने त्याला लिहिलेल्या वाचाव्यात.

जमिनीचाच विषय आहे, तर बायबलमधल्याच ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाचा पाचवा अध्याय काढ. हनन्या आणि सप्पीरा या जोडप्याने जमीन विकली. आलेल्या पैशातले काही मागे ठेवून ‘हे सगळेच’ म्हणून प्रेषितांपुढे, म्हणजे येशूच्या शिष्यांपुढे, ठेवले. खोटं उघडं पडताच हनन्या तिथेच कोसळून मेला. बायकोला सगळं ठाऊक होतं. नवरा मेल्यावर तीनेक तासांनी ती आली, तेव्हा प्रेषित पेत्राने तिला वेगळं विचारलं : जमीन एवढ्यालाच विकली का? ती ‘हो, एवढ्यालाच’ म्हणाली, आणि तीही तिथेच कोसळली. नवऱ्याच्या मागे गेली म्हणून तिची सुटका झाली नाही. तिचं उत्तर तिलाच द्यावं लागलं. व्यवहार समजून घेतल्याशिवाय सही न करणारी तू मला म्हणूनच शहाणी वाटतेस. बायबलमधल्या नीतिसूत्रांच्या एकतिसाव्या अध्यायातली सद्‌गुणी बायको तर शेत स्वतः पारखून विकत घेते.

सासूबाईंना वाटत असेल, ही आजकालच्या बायकांची भाषा आहे. त्यांना आदराने सांग, की पोप जॉन पॉल दुसरे यांनी 1988 च्या पत्रात हेच लिहिलं : अधीनता एकतर्फी नाही, परस्परांची आहे. आणि पेत्राच्या पहिल्या पत्रात, तिसऱ्या अध्यायाच्या सातव्या वचनात, नवऱ्यांना ताकीद आहे : बायकोला मान द्या, नाहीतर तुमच्या प्रार्थनेत अडथळा येईल. रोज संध्याकाळी तेर्स, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, म्हणणाऱ्या घराने हे वचन विसरू नये.

आता कायद्याचं. लग्नापूर्वी वेगळा करार केला नसेल, तर 1867 च्या पोर्तुगीज नागरी संहितेपासून चालत आलेल्या आपल्या गोव्यातल्या कायद्यानुसार नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक, निम्मी-निम्मी. म्हणून तर तुझी सही लागते. कागद आधी वकिलाला दाखव. किंमत किती, घेणारा कोण, पैसे कुठल्या खात्यात जाणार, हे नवऱ्याकडून लिहून घे. तो चिडला, तर तुमच्या पाद्रींकडे दोघं मिळून जा. आणि त्याने कधी हात उगारला, तर तिथे थांबू नकोस, माहेर गाठ.