थिसल की तालिमखाना?

प्रश्न : नांदूरमधमेश्वरला जलाशयाच्या काठी चिखलात जांभळ्या फुलांचं काटेरी झुडूप आहे. मोबाइलमधल्या ॲपने त्याला 'मार्श थिसल' म्हटलं. हे बरोबर आहे का? परदेशातून बी मागवलं तर आमच्या परसात ते येईल का?
— एक वाचक, निफाड

उत्तर : ॲपने रंग आणि काटे पाहिले, कांडं पाहिलं नाही. दलदलीतली ही जांभळी काटेरी वनस्पती बहुधा आपला तालिमखाना, म्हणजे कोळसुंदा. अभयारण्यात काही तोडू नका. खात्री नुसतं वाकून पाहूनही होते. तालिमखान्याच्या खोडावर ठरावीक अंतराने पेरं असतात आणि प्रत्येक पेराभोवती सहा सरळ, पिवळसर काटे. फुलं त्या काट्यांच्या मधूनच येतात आणि प्रत्येक फूल दोन ओठांचं असतं.

मार्श थिसल (सर्सियम पॅलुस्ट्रे) हे युरोपातल्या ओल्या कुरणांचं झाड. त्याचे काटे पेरापुरते नसतात. पानाची कड खोडावरून तशीच खाली उतरते, त्यामुळे अख्ख्या खोडाला काटेरी झालर लागते. शेंड्याला छोट्या बोंडांचा घोस असतो. एकेक बोंड म्हणजे बारीक फुलांचा गुच्छ, करडईसारखाच. मार्श थिसल आणि करडई एकाच कुळातली. बी पिकलं की म्हातारी उडते आणि भिंगाखाली तिचा एकेक केस पिसासारखा फाटे फुटलेला दिसतो. तालिमखान्याला म्हातारी नसतेच.

आता बियांचं. मार्श थिसल बहुधा दोन वर्षांचं असतं. पहिल्या वर्षी जमिनीलगत पानांचं चक्र, मग थंडी, दुसऱ्या वर्षी दीड मीटरपर्यंत दांडा, फुलं, बी आणि शेवट. निफाडचा पारा कधी कधी ५ अंशांखाली उतरतो म्हणून आशा वाटेल, पण खरी अडचण एप्रिल-मेची. ४० अंशांच्या आसपास कुंडीतलं साचलेलं पाणी तापतं, त्यातला प्राणवायू घटतो आणि मुळं कुजतात. पाणी कमी केलं तर पानं सुकतात. शिवाय २००३ च्या वनस्पती संगरोध आदेशानुसार बी आणायला आयात परवाना आणि तिकडचं वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र लागतं. टपालाने गुपचूप पाकीट मागवणं हा मार्ग नव्हे. आमचं मत : नाद सोडा.

जांभळं-काटेरीच हवं असेल, तर तालिमखाना लावा. बी काष्ठौषधींच्या दुकानात मिळतं, पण जुनं निघालं तर उगवत नाही. म्हणून थोडं जास्तच पेरा. पेरण्याआधी भिजवू नका. पाणी लागताच प्रत्येक बियाभोवती चिकट बुळबुळीत थर येतो आणि सगळा गोळा बोटांनाच चिकटून बसतो. कोरडं बी चौपट वाळूत मिसळून जूनमध्ये काळ्या मातीच्या, भोक नसलेल्या टबात विस्कटा. रोपं वीतभर होईपर्यंत माती नुसती ओली ठेवा, मग वर दोन बोटं पाणी राहू द्या. आधीच पाणी भरलं, तर कोवळी रोपं बुडून कुजतात. टब मुलांच्या वाटेत ठेवू नका. काटे चांगलेच टोचतात.