एफडी मोडू की पाटल्या ठेवू? ताई, आधी ती पॉलिसी काढा कपाटातून

साताऱ्याहून एका ताईंचं पत्र आलंय. वय ४८, घरूनच पापड-मसाल्याचा व्यवसाय, मिस्टर ५२ चे, एमआयडीसीत नोकरी, शुगरची गोळी चालू, मुलगा डिप्लोमाला. त्या लिहितात:

"खोकलं, शिंकलं, पिठाचं पोतं उचललं की कपडे ओले होतात. सहा वर्षं झाली. सज्जनगडच्या पायऱ्या सोडल्या, लग्नाकार्यात मोठ्यानं हसायची पण भीती. डॉक्टरांनी पट्टी बसवायचं छोटं ऑपरेशन सांगितलंय, खर्च ९५ हजार. दीड लाखाची एफडी मोडू का पाटल्या ठेवून गोल्ड लोन घेऊ? बँकेत काढलेली आरोग्याची पॉलिसी आहे, वर्षाला ६० हजार, दोन हप्ते भरले, तिसरा पुढच्या महिन्यात. पण तिथले साहेब म्हणतात याला क्लेम बसत नाही, शेवटी डबल मिळतील. ओळखीचे एजंट म्हणतात नवा मेडिक्लेम काढा, या त्रासाचं काही लिहू नका, दोन-तीन महिन्यांनी क्लेम टाकू. बँकेतल्या पॉलिसीच्या पहिल्या पानाचा फोटो जोडलाय."

एफडी मोडा. वर्ष पुरं व्हायच्या आत मोडली तर ९५ हजारांवर हजार-दीड हजाराचं व्याज जाईल, गोल्ड लोनचं व्याज वर्षाला नऊ-दहा हजार आणि पाटल्या सुटेपर्यंत जिवाला घोर तो वेगळाच. तुमचा प्रश्न संपला.

आता तो फोटो. ताई, त्या कागदावर आरोग्य हा शब्दच नाहीये. ही मिस्टरांच्या नावची बचतीची लाइफ इन्शुरन्स पॉलिसी आहे, १२ वर्षं भरायचं, २० व्या वर्षी साधारण साडेचौदा लाख, मधे मिस्टरांचं काही झालं तर ६ लाख. म्हणजे दोन वर्षं तुमच्या घरात मेडिक्लेम नाहीच आणि तुम्ही निर्धास्त, कारण साहेबांनी "हेल्थ-वेल्थ दोन्ही" असलं काहीतरी गोड बोलून सही घेतली असणार. असल्या सह्या मी इतक्या पाहिल्यात की आता राग सुद्धा नीट येत नाही.

आणि ते डबल. भरणार ७ लाख २० हजार, मिळणार साडेचौदा, डबल आहे खरं, पण २० वर्षांनी. ढोबळ हिशोबाने ५ टक्के पडतात. हेच ६० हजार १२ वर्षं पोस्टात पीपीएफला टाकून २० व्या वर्षापर्यंत ठेवले असते तर आजच्या ७.१ टक्क्यांनी २० लाखांच्या आसपास झाले असते. साडेपाच लाखांचा खड्डा आहे तो.

फ्री लूकचे, म्हणजे पॉलिसी न आवडल्यास परत करायचे सुरुवातीचे दिवस केव्हाच गेले. आता सरेंडर केली (बंद करून पैसे घेतले) तर किती आणि पेड-अप केली (हप्ते थांबवून कमी रकमेवर चालू ठेवली) तर किती, हे दोन्ही आकडे कंपनीकडून लेखी मागवा, तोंडी नको. समजा भरलेल्या एक लाख वीसमधले ४० हजारच हातात आले, ८० हजार बुडाले, जीव तुटेल मान्य आहे, तरी ते ४० आणि उरलेले दहा हप्ते पीपीएफमधे गेले तर शेवटी सोळा-सतरा लाख होतात, म्हणजे बुडवून सुद्धा पुढेच. साहेब म्हणतील आता बंद केली तर नुकसान. नुकसान झालंय ते सही केली त्या दिवशी. तक्रार कंपनीकडे, मग विमा लोकपालांकडे जरूर करा, पण प्रपोजल फॉर्मवर सही तुमचीच आहे, फार आशा धरू नका. हप्ता खात्यातून आपोआप कापला जात असेल तर तो मँडेट आधी बंद करा. वार्षिक हप्त्याला ३० दिवसांची सवलत असते, तेवढ्यात आकडे येतील.

एजंटदादांचं तर ऐकूच नका. तुमच्या केसपेपरवर "सहा वर्षांपासून त्रास" असं डॉक्टरांनी लिहिलेलं असणार, क्लेमला तोच कागद जातो, मग क्लेम नाकारला जाईलच, वर माहिती लपवली म्हणून पॉलिसी पण रद्द होऊ शकते आणि मिस्टरांची शुगर उघड्यावर. मेडिक्लेम काढायचाच, पण सगळं खरं लिहून. आधीच्या आजारांना जास्तीत जास्त तीन वर्षं थांबावं लागतं, म्हणून हे ऑपरेशन त्यात बसवायचा नादच सोडा, तो पुढच्या हार्टसाठी, अपघातासाठी. दोघांना ५ लाखांचा प्रीमियम २५-३० हजारांच्या घरात जाईल (सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी नाही), तो त्या साठातूनच काढा, उरलेले पीपीएफला. आणि हो, मिस्टरांच्या कंपनीचा ग्रुप मेडिक्लेम आहे का हे तुम्ही लिहिलंच नाहीत. एचआरला विचारा, त्यात बहुतेकदा बायको असते आणि बऱ्याच ठिकाणी वेटिंग पिरियड नसतो. तसं निघालं तर एफडी पण वाचली. महात्मा फुले योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत आहे, पण ठरलेल्याच ऑपरेशनना, हे त्यात बसतं का ते सिव्हिलमधल्या आरोग्यमित्राला विचारून घ्या.

ऑपरेशनचं मी डॉक्टर नाही, पण ९५ हजार जाणार तर दोन प्रश्न विचाराच. ही पट्टी म्हणजे लघवीच्या नळीखाली झोळीसारखी बसवलेली जाळीची बारीक टेप, १९९० च्या दशकात स्वीडनच्या उल्मस्टेन यांनी ही पद्धत आणली, अर्ध्या तासाचं काम, बहुतेकींना गुण येतो. पण ती खोकल्या-शिंकल्यावर होणाऱ्या त्रासाला. घाईची लागून वाटेतच होते तो प्रकार वेगळा, त्याला आधी गोळ्या आणि सवयी, पट्टी नाही. तुमचा कुठला, की दोन्ही? दुसरं, ओटीपोटाच्या तळाच्या, लघवी रोखून धरणाऱ्या स्नायूंचे व्यायाम फिजिओकडून शिकून नीट तीन महिने केलेत का? पत्रात उल्लेख नाही. बऱ्याच जणींचं त्यावरच भागतं आणि खर्च काही हजारांत. जाळी कधीकधी आत रुतते, लघवी अडते, पुन्हा टेबलावर जावं लागतं. ब्रिटनने २०१८ मधे याच पट्ट्या थांबवल्या होत्या. घाबरवत नाहीये, एवढंच की एफडीतले उरलेले ५५ हजार सोफ्याला लावू नका.

९५ मधे टेपची किंमत, भूल, तपासण्या, नंतरच्या व्हिजिट धरल्यात का तेही लिहून घ्या. आणि तारीख पापडाच्या सीझनमधे घेऊ नका, नंतर महिना-दीड महिना वजन उचलू देत नाहीत, तेवढे दिवस पोती उचलायला बाई लावाल तिचा पगार सुद्धा या खर्चातच धरायचा.