ब्रेक मारला की स्टिअरिंग थरथरतं, दोनदा काम करूनही तेच: सस्पेन्शनला हो म्हणायच्या आधी हे वाचा

तुम्ही लिहिलंय त्यावरून मला समजलं ते असं, की ८० च्या पुढे ब्रेक मारला की स्टिअरिंग थरथरायचं म्हणून गाडी गॅरेजला टाकली, त्यांनी पुढचे पॅड बदलले, काही फरक नाही, परत नेली तर तुम्हाला न विचारता दोन्ही डिस्क बदलून बिलात लावल्या, मग अडीच महिने गाडी एकदम नीट चालली आणि आता परत तीच थरथर. आणि आता ते म्हणतायत डिस्क नवीन आहेत म्हणजे ब्रेकचा प्रॉब्लेम असूच शकत नाही, सस्पेन्शन करावं लागेल. भांडू, दुसरीकडे नेऊ की करून टाकू, असं विचारलंय तुम्ही.

आधी एकच सांगतो, सस्पेन्शनला आत्ता हो म्हणू नका. बाकी सगळं नंतर.

कारण तुमच्या पोस्टमधली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे ते अडीच महिने, आणि गॅरेजवाल्यांनी नेमकं तेच सोडून दिलंय. नुसते सस्पेन्शनचे बुश (रबरी सांधे) हेच कारण असतं तर डिस्क बदलून थरथर अडीच महिने पूर्ण जाणं अवघड होतं. नवीन डिस्क टाकली, गाडी मस्त झाली, आणि काही हजार किलोमीटरनंतर हळूहळू परत सुरू झालं, हे वाचलं की माझा पहिला संशय हबवर जातो. डिस्क जिथे बसते त्या हबच्या तोंडावर गंज असतो, जुनी घाण असते, आणि घाईत ती साफ न करताच नवीन डिस्क वर चढवतात. मग डिस्क केसभर तिरकी बसते. सुरुवातीला काहीच जाणवत नाही, पण चाकाच्या प्रत्येक फेरीला डिस्कची तीच जागा पॅडला घासत राहते, ब्रेक न मारता सुद्धा, आणि तिथली जाडी बाकीच्या डिस्कपेक्षा वेगळी होत जाते. जाडीचा हा फरक मिलिमीटरच्या दोन शतांश एवढा झाला तरी हाताला कळायला लागतो. लोक याला सरसकट ‘डिस्क वाकली’ म्हणतात, पण बहुतेक वेळा डिस्क वाकलेली नसते, तिरकी बसल्यामुळे असमान झिजलेली असते. म्हणून नुसती डिस्क बदलून हे जात नाही, काही महिने लपतं फक्त.

आता हे खरं की खोटं ते मोजून कळतं, अंदाजाची गरजच नाही. चाक काढायचं, डिस्क नटांनी हबला नीट आवळायची, डायल गेजचं (बारीकसा फरक काट्याने दाखवणारं उपकरण) टोक डिस्कच्या बाहेरच्या कडेपासून साधारण १० मिमी आत टेकवायचं आणि डिस्क हाताने एक पूर्ण फेरी फिरवायची. काटा किती हलतो ते बघायचं, यालाच रनआउट म्हणतात. नक्की मर्यादा तुमच्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये असते, पण बऱ्याच गाड्यांना ती ०.०५ ते ०.१ मिमीच्या दरम्यान असते, म्हणजे साध्या कागदाच्या जाडीएवढा फरक सुद्धा जास्तच झाला. मग मायक्रोमीटरने त्याच डिस्कची जाडी सात-आठ ठिकाणी मोजायची. मग डिस्क काढून हबचं तोंड वायर ब्रशने चकचकीत करायचं आणि परत बसवून तेच माप घ्यायचं. हब साफ केल्यावर काटा शांत झाला तर चोर सापडला. मात्र डिस्क आधीच असमान झिजली असेल तर ती लेथवर सपाट करून घ्यायला लागेल, आणि डिस्कवर जी कमीत कमी जाडी कोरलेली असते त्याच्या खाली जात असेल तर बदलायलाच लागेल.

अजून एक, चाकाचे नट शेवटी टॉर्क रेंचनेच (ठरवलेल्या जोराएवढंच आवळायचा पाना) आवळून घ्या, समोरासमोरचे, टप्प्याटप्प्याने. एअर गनने एक नट खच्चून आणि दुसरा कमी, असं झालं तरी डिस्क तिरकी होते.

(हे सगळं थरथर फक्त ब्रेक मारल्यावरच येते असं धरून लिहिलंय. ब्रेक न मारता पण ठरावीक स्पीडला येत असेल तर आधी व्हील बॅलन्सिंग आणि टायर बघा. आणि पेडल मऊ लागत असेल किंवा ब्रेक मारल्यावर गाडी एका बाजूला ओढत असेल तर ती चालवूच नका.)

मी हे एवढं तावातावाने लिहितोय कारण माझ्याबरोबर हेच झालंय, ब्रेकमध्ये नाही, इंजिनात. चेक इंजिनचा दिवा लागला, स्कॅनरला पी०१७१ कोड आला, म्हणजे इंजिनला पेट्रोलच्या मानाने हवा जास्त मिळतेय. गॅरेजने लगेच ऑक्सिजन सेन्सर बदलला. चार दिवसांनी दिवा परत. मग म्हणाले एअर फ्लो सेन्सर. तो पण बदलला, दिवा परत आला. शेवटी दुसऱ्या एका मेकॅनिकने इनटेकमध्ये, म्हणजे इंजिनात हवा जाते त्या मार्गात, धूर सोडला आणि पाचव्या मिनिटाला इंजिनच्या मागच्या बाजूला एका बोटाएवढ्या रबरी नळीतून धुराची बारीक रेघ वर आली. नळी दाबली की चीर उघडायची, सोडली की मिटायची, म्हणून नुसतं बघून कुणाला दिसली नव्हती. सेन्सर बिचारे खरं तेच सांगत होते. कोड काय होतंय ते सांगतो, कुठला पार्ट गेला ते नाही, आणि दोन चांगले पार्ट मी पैसे देऊन काढून टाकले होते.

आता भांडणाचं. तुमच्या तक्रारी दोन आहेत, त्या एकत्र करू नका. न विचारता डिस्क बदलल्या ही एक, आणि थरथर गेली नाही ही दुसरी. दोन्ही एका दमात काउंटरवर बोललात की ते बिलात थोडी सूट देऊन तुम्हाला वाटेला लावतील आणि गाडी आहे तशीच राहील. आधी गाडीचं बोला. काउंटरवरच्या माणसाला सोडा, फोरमनला शेजारी बसवून त्याच रस्त्यावर त्याच स्पीडला ट्रायल द्या, थरथर त्याच्या हाताला लागू दे. जॉबकार्डवर ‘ब्रेक चेक करणे’ लिहू देऊ नका, ‘८० च्या पुढे ब्रेक मारल्यावर स्टिअरिंग थरथरतं, डिस्क बदलून अडीच महिन्यांत परत आलं, हबवर रनआउट मोजून रीडिंग लिहून देणे’ एवढं सगळं लिहून घ्या, आणि खाली ‘विचारल्याशिवाय कुठलाही पार्ट बदलू नये’. त्याचा फोटो काढून ठेवा. यापुढे जो पार्ट बदलतील तो जुना परत मागा, जुना जमा करायच्या बोलीवर नवीन दिलेला असेल तर निदान डोळ्यांनी बघून फोटो तरी घ्या.

ते मोजायला तयार नसतील तर दुसरीकडे न्या, पण तिथे पहिल्या दिवशी फक्त मोजमाप करून लिहून घ्या, काम नको. लगेच दुरुस्त करून टाकलंत तर पहिल्या गॅरेजने नीट बसवलं नव्हतं हे दाखवायला हातात काही उरत नाही. तो कागद घेऊन परत जा आणि लेखी द्या, मेसेज किंवा मेल चालेल: इतक्या तारखेला हे काम केलं, हे रीडिंग आहे, डिस्कचं काम परत करून द्या नाहीतर पैसे परत करा. डिस्क न विचारता बदलल्याचा मुद्दा त्याच पत्रात वेगळ्या परिच्छेदात. चढा आवाज काढून जे होत नाही ते अशा कागदाने होताना मी बऱ्याच जणांचं बघितलंय, कारण ‘तुम्हाला वाटतंय’ असं म्हणायची सोयच राहत नाही.

रीडिंग मिळालं की इथे टाका, हब साफ करायच्या आधीचं आणि नंतरचं दोन्ही, डावं-उजवं वेगळं. साफ करून पण काटा तेवढाच हलत असेल तर डिस्क एक होल पुढे फिरवून परत बसवून मोजायला सांगा, आणि तरीही काटा हलत असेल तर हब किंवा बेअरिंग बघावं लागेल, ते कसं तपासायचं ते तेव्हा सविस्तर लिहितो.