सांगण्याआधी त्याला ताटात घ्या

ताई, तुमचा प्रश्न असा की, मुलगा अकरा वर्षांचा झालाय, रोज रात्री 'कसली गोळी?' म्हणून विचारतो, तुम्ही 'बीपीची' म्हणून वेळ मारून नेता. आता त्याला तुमच्या एचआयव्हीचं सांगावं का? सासूबाई नको म्हणतात. पण मी अडकले ते तुम्ही मध्येच लिहिलेल्या वाक्यापाशी. परवा त्यानं तुमच्या हातातला अर्धा खाल्लेला लाडू मागितला, तुम्ही हात मागे घेतलात आणि तो न जेवता झोपला. आधी त्याचं बोलू.

उष्ट्या लाडवातून, एका ताटात जेवल्यानं, पापा घेतल्यानं एचआयव्ही होत नाही. तुमचा व्हायरल लोडही, म्हणजे रक्तातलं विषाणूचं प्रमाण, 'सापडत नाही' असा आलाय. हे तुम्हाला समुपदेशकांनी सांगितलं असेलच. डोक्याला पटतं, हाताला पटत नाही. माझ्या हाताला पटायला सात वर्षं लागली.

मला एचआयव्ही आहे हे 2003 साली, गरोदरपणाच्या सातव्या महिन्यात कळलं. तेव्हा बाळाला लागण होऊ नये म्हणून प्रसूतीच्या वेळी आईला नेव्हिरापिन या औषधाची एक गोळी आणि बाळाला औषधाचा एक डोस, एवढंच मिळायचं. अंगावरच्या दुधातून विषाणू जाऊ नये म्हणून लेकीला वरचं दूध घातलं. अंगावर का पाजत नाहीस, म्हणून येणारी-जाणारी प्रत्येक बाई विचारायची. अठराव्या महिन्यात तिची तपासणी निगेटिव्ह आली आणि तेव्हापासून मी तिला फारच जपायला लागले. तिचा पेला वेगळा, टॉवेल वेगळा, अंथरूण भिंतीकडेला. मला वाटायचं, हीच माया. सात वर्षांची असताना एकदा वेणी घालून घेताना तिनं विचारलं, "आई, माझ्या अंगाला वास येतो का गं?" त्या रात्री आम्ही एका ताटात जेवलो. मला घास गिळत नव्हता आणि ती मात्र दोन भाकरी जेवली.

म्हणून म्हणते, सांगायची घाई नाही, पण जवळ घ्यायची आहे. आजच घ्या.

आता गोळीचं. मुलांना कळत नाही, हा मोठ्यांचा समज आहे. मी बाटलीवरचा कागद नखांनी खरवडून काढायचे आणि गोळ्या वाजू नयेत म्हणून आत कापूस कोंबायचे. लेकीला सगळं माहीत होतं. तिला वाटत होतं मला कॅन्सर आहे आणि मी दिवाळीपर्यंत जाणार. दोन वर्षं ती एकटीच हे घेऊन जगली. खऱ्या आजाराहून तिनं मनात धरलेला आजार कितीतरी भयंकर होता.

जागतिक आरोग्य संघटनेनं 2011 सालीच सांगितलंय की, शाळकरी वयाच्या मुलाला आई-वडिलांच्या एचआयव्हीबद्दल सांगावं, वयाला झेपेल तसं, थोडं थोडं. अकरा हे वय योग्यच आहे. उद्या पुस्तकात किंवा सरकारी दवाखान्याच्या भिंतीवर तो शब्द तो वाचणारच आहे. भाऊबंदकीतल्या कुणी भांडणात फेकून मारण्याआधी तुमच्या तोंडून ऐकू दे.

मी शेंगा सोलता सोलता सांगितलं. हाताला काम असलं की एकमेकींच्या डोळ्यांत बघावं लागत नाही. म्हटलं, "माझ्या रक्तात एक विषाणू आहे. त्याला एचआयव्ही म्हणतात. गोळी रोज घेतली की तो दबून राहतो. तुला तो नाही, तुझी तपासणी झालीय." शेवटचं वाक्य पहिल्या दमातच सांगा, मूल त्याचीच वाट बघत असतं. मग तिनं विचारलं, "तू मरणार का?" मी म्हटलं, "गोळी चुकवली नाही तर तुझी पोरं सांभाळेन." पुढचा प्रश्न अवघड होता: "बाबा यानंच गेले?" मी हो म्हणाले. दोष मात्र दिला नाही. ते 2005 साली गेले. मोफत एआरटी, म्हणजे विषाणू दाबून ठेवणारी औषधं, 2004 च्या एप्रिलमध्ये मोजक्या मोठ्या रुग्णालयांत सुरू झाली होती, आमच्यापर्यंत पोचायला उशीर झाला. तिला वडील राहू द्यायचे होते मला.

माझी एक चूक तुम्ही करू नका. 'कुणाला बोलायचं नाही' एवढंच सांगून मी मोकळी झाले. इतकं मोठं गुपित लहान जीवाला पेलत नाही. ज्यांच्याशी बोललं तर चालेल अशी दोन माणसं त्याला नावानिशी सांगा. मामा असेल, एआरटी केंद्रातल्या समुपदेशक ताई असतील. 1097 हा एचआयव्हीबद्दल विचारायचा मोफत नंबरही आहे.

'तुला काही झालं तर मी कुणाकडे?' हेही तो विचारेल, कदाचित महिन्यांनी. त्याचं उत्तर आधी तयार ठेवा. एचआयव्हीबाबतचा 2017 चा कायदा 10 सप्टेंबर 2018 पासून लागू आहे. त्यात आई-वडिलांना आपल्या मुलाचा पालक आधीच लेखी नेमून ठेवता येतो, नात्यातला किंवा मैत्रीतला सज्ञान माणूस. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात मोफत सल्ला मिळतो. मुलाला हे ठरलेलं दाखवता आलं की त्याची झोप सुधारते, हे मी आमच्या गटातल्या बायकांच्या घरी पाहिलंय.

सासूबाईंशी वाद घालू नका. त्यांचा मुलगा गेलाय, त्यांना नातवाची भीती वाटते. पुढच्या वेळी गोळ्या आणायला जाल तेव्हा त्यांनाच बरोबर न्या आणि समुपदेशकांसमोर बसवा. सुनेचं ऐकणं जड जातं, तेच दवाखान्यातल्या बाईंनी सांगितलं की ऐकतात. मुलाला मात्र तुम्ही एकट्यानंच सांगा.