नाशिकमध्ये सिम पोर्ट करायचंय, कुठली कंपनी घेऊ?

सिडकोत घर, अंबडला नोकरी आणि घरात रेंज नाही, असं तुम्ही लिहिलंय. मग कुठली कंपनी ते मला नको, शेजाऱ्यांना विचारा. गंगापूर रोडला सुसाट पळणारं नेट सिडकोच्या आतल्या गल्लीत, तळमजल्यावर, मान टाकतं. माझं जुनं सिम घरात फक्त स्वयंपाकघराच्या खिडकीत चालायचं. फोन कायम तिथे, पिठाच्या डब्यावर. वाजला की आई पिठाच्या हातानेच उचलायची! कस्टमर केअरचं पालुपद एकच, ‘फोन रीस्टार्ट करा.’

आधी सेटिंगमध्ये वायफाय कॉलिंग, म्हणजे टॉवरऐवजी घरच्या वायफायवरून फोन, आहे का बघा. घरी ब्रॉडबँड असेल तर निम्मं दुखणं तिथेच थांबतं, नवा हँडसेट घ्यायची गरज नाही. नाहीतर दुसऱ्या स्लॉटमध्ये महिनाभर दुसरं सिम टाकून घरात आणि कामावर, दोन्हीकडे बोलून बघा. काम पत्र्याच्या शेडमध्ये असेल तर नक्की.

प्लॅनचा भाव दिवसावर काढा. २८ दिवसांचा घेतलात तर वर्षाला १२ नाही, १३ रिचार्ज होतात.

पोर्टसाठी इंग्रजीत ‘पोर्ट’ टाइप करून, जागा सोडून तुमचा नंबर लिहा आणि १९०० वर एसएमएस करा. आलेला कोड आपल्याकडे ४ दिवस चालतो. सध्याच्या कंपनीत ९० दिवस झालेले हवेत, आणि पोस्टपेड असेल तर बिल आधी भरा, माझं त्यातच एकदा अडकलं होतं.