नातवासोबत बेसबॉल बघायचाय, सुरुवात कुठून करू?

२०२५ च्या ऑक्टोबरपासून या पानाकडे येणाऱ्या प्रश्नांमधे सिएटलच्या मॅरिनर्स या टीमबद्दलचेच जास्त आहेत आणि ते साहजिकच आहे, वर्ल्ड सिरीजला म्हणजे मोठ्या लीगच्या फायनलला एकदाही न पोचलेली ही एकमेव टीम, आणि त्या महिन्यात टोरांटोविरुद्ध फायनलच्या आधीच्या फेरीत सातव्या, शेवटच्या मॅचला ३-१ ने पुढे होतो, फक्त आठ आउट हवे होते, तेवढ्यात जॉर्ज स्प्रिंगरचा तीन रनांचा होमरन (आपल्या सिक्सरसारखा, बॉल थेट कुंपणापार) आणि ४-३ ने सगळं संपलं. मी स्वतः पुढचे दोन दिवस कुणाशी नीट बोलले नव्हते. तर यावेळी चार प्रश्न घेते.

प्रश्न: माझं वय ६८, मूळ सातारा, सध्या सहा महिन्यांसाठी बेलव्यूला मुलीकडे आलोय. नातू दहा वर्षांचा आहे, दिवसभर मॅरिनर्स मॅरिनर्स चालू असतं. मी आयुष्यभर क्रिकेट बघितलं. त्याच्या शेजारी बसतो पण काही कळत नाही आणि तो समजावून सांगायला लागला की दोन मिनिटांत वैतागतो. सुरुवात कुठून करू?

काका, तुम्ही शेजारी बसताय ना, अर्धं काम झालंच. आता एक गोष्ट मनातून काढून टाका, ती म्हणजे विकेटची किंमत. क्रिकेटमधे आउट झाला की बॅट्समन गेला, घरच्यांचा चेहरा पडतो. इथे प्रत्येक टीमला नऊ इनिंगमधे मिळून २७ आउट असतात आणि आउट झालेला माणूस थोड्या वेळाने परत खेळायला येतो, दहातल्या तीन वेळा हिट मारला, म्हणजे बॉल मारून सुखरूप बेसवर पोचला (बेस म्हणजे चौकोनाच्या कोपऱ्यांतले थांबे, सगळे फिरून घरी आलं की एक रन), तरी तो मोठा बॅटर समजतात. म्हणजे सातदा अपयश येणार हे धरूनच हा खेळ चालतो, हे एकदा डोक्यात बसलं की मग प्रत्येक आउटला वाईट वाटत नाही.

दुसरं म्हणजे बॉलच्या मागे मागे नजर पळवू नका, पिचर (इथला बॉलर) आणि कॅचर या दोघांकडे बघा. आपला विकेटकीपर टाकलेला बॉल घेतो, इथला कॅचर पुढचा बॉल कोणता टाकायचा हे सुचवतो, पूर्वी बोटांच्या खुणा करायचे, २०२२ पासून बटणांचं छोटं यंत्र आलंय, पिचरला टोपीत ऐकू येतं. बॅटरने चुकवलेला किंवा मारण्याजोगा असून सोडलेला बॉल म्हणजे स्ट्राइक, आणि बाहेर टाकलेला, त्याने सोडून दिलेला तो नुसता 'बॉल'. तीन स्ट्राइक झाले की आउट, चार बॉल झाले की फुकट पहिला बेस, आणि या दोन आकड्यांच्या मधे जी बुद्धिबळासारखी खेचाखेच चालते तोच खरा खेळ आहे. दोन बॉल आणि शून्य स्ट्राइक असले की पिचर अडचणीत, शून्य बॉल आणि दोन स्ट्राइक असले की बॅटर अडचणीत, बस, पहिल्या आठवड्यात एवढंच बघा.

आणि नातवाला नियम विचारू नका! मुलांना मास्तर व्हायला पाच मिनिटं आवडतं, मग कंटाळा येतो. त्यापेक्षा त्याला म्हणा की आपण दोघं मिळून स्कोअर लिहू. तुम्ही कॉलेजात कधीतरी क्रिकेटचं स्कोअरबुक लिहिलं असेलच, डॉट, मेडन, सगळं. इथे मैदानावरच्या प्रत्येक जागेला नंबर असतो, पिचर १, कॅचर २, पहिला बेस ३, दुसरा ४, तिसरा ५, शॉर्टस्टॉप (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधला फिल्डर) ६, आणि आउटफिल्डला डावीकडून ७, ८, ९. शॉर्टस्टॉपने बॉल उचलून दुसऱ्या बेसवर दिला आणि तिथून पहिल्यावर गेला, दोन माणसं आउट, तर फक्त ६-४-३ लिहायचं. स्ट्राइकआउटला इंग्रजी के, आणि बॅटरने बॅट न फिरवताच तिसरा स्ट्राइक बघत राहिला तर तोच के उलटा काढायचा. मुलांना हा उलटा के काढायला काय आवडतं म्हणून सांगू! २०२३ पासून पिचरला घड्याळ लावलंय, बेस रिकामे असतील तर १५ सेकंदांत बॉल टाकावाच लागतो, त्यामुळे मॅच साधारण अडीच-पावणेतीन तासांत संपते, म्हणजे नातवाच्या झोपेच्या वेळेचं भांडण पण कमी होईल.

प्रश्न: माझा भाचा एव्हरेटला असतो. तो म्हणतो मोठ्या मॅचपेक्षा प्रॉस्पेक्ट म्हणजे छोट्या टीममधली होतकरू पोरं बघण्यात जास्त मजा आहे. म्हणजे आपल्या रणजीसारखं का? आणि १९ वर्षांच्या पोराबद्दल लोक इतकं ठामपणे कसं काय बोलतात? (नाशिक)

रणजीसारखं नाही. मुंबईची रणजी टीम ही मुंबईची असते, तिचा स्वतःचा इतिहास, स्वतःची माणसं. इथे छोट्या टीममधल्या खेळाडूंचे करार मोठ्या क्लबकडे असतात आणि कोणाला वर पाठवायचं हे पण तोच ठरवतो. मॅरिनर्सची शिडी बघा, अगदी खाली डॉमिनिकन रिपब्लिकमधली आणि ॲरिझोनातली पोरांची टीम, मग सिंगल-ए, मग तुमच्या भाच्याची एव्हरेट अ‍ॅक्वासॉक्स म्हणजे हाय-ए, त्यावर डबल-ए ला आर्कान्सा, ट्रिपल-ए ला टॅकोमा, आणि मग सिएटल. एव्हरेट ते सिएटल गाडीने तासाभराच्या आत पोचता येतं, पण खेळाडूला तेवढं अंतर कापायला दोन-तीन वर्षं लागतात, आणि बहुतेकांचं ते कापून होतच नाही. भाच्याला सांगा त्या मैदानावर १९८७ च्या आठवणीचा फलक बघून ये, केन ग्रिफी ज्युनिअरने वयाच्या १७ व्या वर्षी प्रोफेशनल झाल्यावरचा पहिला होमरन तिथेच मारला होता, बेलिंगहॅमकडून खेळताना.

आता ठामपणाबद्दल. स्काउट म्हणजे क्लबसाठी नवे खेळाडू हेरणारे लोक खेळाडूला २० ते ८० या मापात तोलतात, ५० म्हणजे मोठ्या लीगमधला सरासरी खेळाडू. हिट मारणं, ताकद, धावणं, फिल्डिंग आणि थ्रो अशा पाच गोष्टींना वेगवेगळे आकडे. हे माप उपयोगाचं आहे, पण त्या आकड्यात मुलाचा खांदा किती दिवस टिकेल, घरापासून लांब बसमधे रात्री काढताना त्याचं मन किती टिकेल, हे येत नाही. २००९ च्या ड्राफ्टमधे (क्लब आळीपाळीने नवे खेळाडू निवडतात ते) आम्ही दुसऱ्या नंबरला डस्टिन ॲकली घेतला, सगळ्यांना वाटलं पुढची दहा वर्षं निघाली, २०१५ मधे तो न्यूयॉर्कला गेला सुद्धा. २०११ मधे परत दुसराच नंबर, पिचर डॅनी हल्टझन, आणि खांदा गेला. पण त्याने सोडलं नाही, ऑपरेशनं झाली, वर्षं गेली, आणि २०१९ च्या सप्टेंबरमधे २९ व्या वर्षी शिकागो कब्जकडून तो शेवटी मोठ्या लीगमधे उतरला. आमच्या टीमकडून नाही, तरी मी त्या रात्री खूप खूश होते.

आणि दुसरीकडे कॅल रॅली. २०१८ चा तिसरा राउंड, ९० वा नंबर. २०२५ मधे त्याने ६० होमरन मारले, कॅचरने! गुडघ्यावर बसून बसून, पिचरला सांभाळून. त्याआधी कॅचरचा रेकॉर्ड ४८ होता, डावखुरा आणि उजवा असं दोन्ही बाजूंनी खेळणाऱ्या बॅटरचा रेकॉर्ड मिकी मँटलचा १९६१ पासून ५४, आणि आमच्या टीमचा ग्रिफीचा ५६, तिन्ही एका उन्हाळ्यात गेले. त्याच वर्षीच्या होमरन डर्बीत, म्हणजे होमरन मारायच्या स्पर्धेत, त्याला बॉल टाकायला वडील आणि मागे कॅचर म्हणून धाकटा भाऊ होता, मी ते बघताना रडले, खरंच.

हे सगळं सांगण्याचं कारण हे की प्रॉस्पेक्टच्या याद्या वाचा, भांडा त्यावर, पण विशीच्या आतल्या पोराला दोन खराब महिन्यांवरून निकालात काढणारी जी बोलणी चालतात ती मला मनापासून चुकीची वाटतात. एडगर मार्टिनेझ १९८२ मधे करारावर आला आणि टीममधे पक्की जागा मिळाली १९९० मधे, तेव्हा तो २७ वर्षांचा होता, आजच्या हिशोबाने त्याला कोणीही म्हातारा प्रॉस्पेक्ट म्हणून यादीतून काढलं असतं, आणि तो माणूस २०१९ ला हॉल ऑफ फेममधे गेला. शिवाय पोटापाण्याचंही बघा, २०२३ च्या नव्या करारापर्यंत डबल-ए मधल्या पोराला वर्षाला साधारण १४ हजार डॉलर मिळायचे, आता कुठे ३० हजारांच्या वर गेलेत. अमेरिकेत १४ हजारांत कसं राहायचं? उन्हाळा संपला की ही पोरं दुसरी नोकरी करायची.

प्रश्न: माझ्या १२ वर्षांच्या मुलाचा आवडता प्रॉस्पेक्ट दुसऱ्या क्लबला देऊन टाकला. तीन दिवस झाले, खोलीतलं पोस्टर काढलंय, म्हणतो आता बेसबॉल बघणारच नाही. काय करू? (एडिसन, न्यू जर्सी)

ताई, काहीच समजावू नका आत्ता. "बिझनेस आहे बाळा" हे वाक्य तर अजिबात नको, ते खरं असलं तरी. मी १४ वर्षांची असताना जुलै १९९८ मधे रँडी जॉन्सन ह्यूस्टनला गेला आणि फेब्रुवारी २००० मधे ग्रिफी सिनसिनाटीला, तेव्हा मला वाटलं घरातलं कोणीतरी न सांगता निघून गेलं. आईने एवढंच केलं, ग्रिफीचं पोस्टर मी काढलं ते तिने फेकलं नाही, गुंडाळून कपाटावर ठेवलं. २००७ च्या जूनमधे तो सिनसिनाटीच्या कपड्यांत पहिल्यांदा सिएटलला खेळायला आला, अख्खं स्टेडियम उभं राहून टाळ्या वाजवत होतं, आणि मी पण होते तिथे. २००९ मधे तर तो परतच आला. तुमचं पोस्टर सांभाळून ठेवा. आणि मुलाला म्हणावं नव्या क्लबमधे पण त्या खेळाडूचे आकडे बघायला काहीच हरकत नाही, खेळाडू आवडला होता ना, मग तो कुठेही असला तरी आपलाच.

प्रश्न: तुम्ही बेसबॉलवर इतक्या जिवाभावाने लिहिता, तुमची लहानपणची पहिली आठवण कोणती? (ठाणे)

पहिली म्हणजे बाबांची वही. आम्ही १९९१ मधे साताऱ्याहून इकडे आलो तेव्हा मी सात वर्षांची होते, बाबांना ऑफिसात सोमवारी लोक काय बोलतात ते कळायचं नाही म्हणून त्यांनी रेडिओवर बेसबॉल ऐकायला सुरुवात केली. डेव्ह नीहाउस नावाचे समालोचक होते, १९७७ ला टीम सुरू झाली तेव्हापासून २०१० मधे ते गेले तोवर मॅरिनर्सचा आवाज म्हणजे तेच, त्यांचं "माय ओ माय" ऐकलं की आम्ही बहिणभाऊ गाडीत ओरडायचो. बाबांनी त्यांच्या आवाजावरून पूर्ण खेळ शिकला, आखीव वहीत स्कोअर लिहून, आणि होमरनला सिक्सर म्हणायची सवय त्यांची अजून गेलेली नाही.

पण सगळ्यात ठळक आठवण ८ ऑक्टोबर १९९५ ची, रविवार, आणि त्या दिवशी कोजागिरी होती. त्या वर्षीची परिस्थिती सांगते, ऑगस्टच्या सुरुवातीला टीम १३ मॅचने मागे, सप्टेंबरमधे नव्या स्टेडियमचा कर लोकांनी थोडक्या मतांनी नाकारलेला, टीम शहर सोडून जाणार असं रोज कानावर यायचं. आणि तिथून ही माणसं जिंकत जिंकत न्यूयॉर्क यांकीजबरोबरच्या पाचव्या, शेवटच्या मॅचपर्यंत आली होती. आमच्याकडे सहा-सात मराठी कुटुंबं जमलेली, आईने मोठ्या पातेल्यात दूध आटवायला ठेवलेलं, केशर वेलची घालून, आणि बाबांनी टीव्हीचा आवाज बंद करून रेडिओ लावलेला. आठव्या इनिंगला आपण ४-२ ने मागे, ग्रिफीचा होमरन, मग बेस भरलेले असताना एक वॉक (चार बॉल, फुकट बेस, म्हणून एक रन), ४-४. नवव्या इनिंगला रँडी जॉन्सन, दोनच दिवसांपूर्वी पूर्ण ताकदीने बॉलिंग केलेला माणूस, चालत चालत मैदानात आला, काकू लोकांनी पण फराळाच्या प्लेटा खाली ठेवल्या. अकराव्या इनिंगला यांकीज ५-४. मग जोई कोरा बंट करून, म्हणजे बॉल हळूच ठोकून, बेसवर, ग्रिफीचा हिट, आणि एडगर. डावीकडच्या रेषेला लागून बॉल गेला, कोरा आला, आणि ग्रिफी पहिल्या बेसवरून सुटलेला, तिसऱ्यालाही न थांबता घरी! ६-५. सगळे एकमेकांच्या अंगावर पडलेले, कोण कोणाचं पोर उचलतंय कळत नव्हतं, आणि स्वयंपाकघरातून जळका वास. दूध उतू जाऊन पूर्ण शेगडीभर. आईने कोणालाच काही म्हटलं नाही, उरलेलं गाळून सगळ्यांना अर्धा अर्धा पेला दिला आणि म्हणाली चंद्राला दाखवून प्या. त्याच महिन्यात राज्याच्या विधिमंडळाने स्टेडियमचे पैसे मंजूर केले, टीम राहिली.

बाबा रिटायर होऊन साताऱ्याला परत गेलेत, वही चालूच आहे, कितवी ते त्यांनाच माहीत. २०२५ च्या ऑक्टोबरमधे डेट्रॉइटबरोबरची पाचवी मॅच १५ इनिंग चालली, इथे रात्र, तिथे पहाटे सुरू होऊन चांगलं ऊन वर येईपर्यंत, होर्हे पोलँकोच्या हिटवर ३-२ ने जिंकलो. बाबांच्या वहीत एका पानावर बाराच इनिंगचे रकाने आखलेले, म्हणून त्यांनी कॅलेंडरचं सप्टेंबरचं पान फाडून त्याच्या मागे पुढचे तीन आखले, डिंकाने चिकटवले आणि मला फोटो पाठवला.

काका, तुमचा प्रश्न वाचल्यावर मी बाबांना विचारलं की तुमच्यासाठी वहीच्या कोऱ्या पानाचा फोटो पाठवू का. ते म्हणाले नको, नातवाला पट्टी पेन्सिल देऊन आखायला सांगा, आणि पंधरा रकाने आखायला सांगा.